रामेश्वर: काशीची गंगा आणि वयस्कर आई-बाबा. माहिती हवी आहे

सायंतारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी आई-बाबा काशी-प्रयाग करून आले. येताना गंगेचा गडू आणला, तो लाखेने बंद करून देवघरात ठेवलाय. आता घरात रोज एकच विषय, ही गंगा रामेश्वराला कधी पोचणार? बाबा ७४ चे आहेत, चालायला खणखणीत. आईचे गुडघे मात्र बोलतात. मी आणि नवरा सोबत असू.

ट्रॅव्हलवाल्याने दिलेला बेत असा: विमानाने मदुराई, दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी, रामेश्वर-धनुष्कोडी उरकून रात्री परत मदुराई, तिसऱ्या दिवशी मीनाक्षी आणि घर. "सगळे असंच करतात मॅडम," असं त्याचं म्हणणं.

जाऊन आलेल्यांनी सांगा, बावीस कुंडांची आंघोळ या वयात झेपते का? आपण नेलेली गंगा खरंच पिंडीवर घालतात का, की कोपऱ्यातल्या पिंपात ओततात? आणि तिथे मराठी-हिंदी चालतं का?

---

पायवाट

पहिलं काम, तो बेत फाडून टाका.

मदुराई ते रामेश्वर रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघालात तरी देवळाजवळ पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असतात. मग समुद्रस्नान, मग कुंडं, मग कपडे बदलणं, मग दर्शनाची रांग. आणि दुपारी एक ते तीन देऊळ बंद. म्हणजे आई-बाबा ओल्या केसांनी बाहेर पायरीवर बसणार आणि तुम्ही घड्याळ बघत ड्रायव्हरचे फोन घेणार. शिवाय स्फटिकलिंगाचं दर्शन फक्त पहाटे पाच ते सहा असतं. ते मदुराईहून येणाऱ्याला मिळतच नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात दिव्यापुढचं ते पारदर्शक लिंग बघायचं असेल तर गावातच झोपायला हवं.

दोन रात्री काढा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून नुसता आराम आणि संध्याकाळी प्राकारातून (देवळातल्या खांबांच्या लांबलचक ओवरीतून) फेरी. दुसऱ्या दिवशी पहाटे स्फटिकलिंग, मग अग्नितीर्थ (देवळासमोरचा समुद्र), कुंडं, दर्शन. दुपारी झोप. धनुष्कोडी तिसऱ्या दिवशी सकाळी. मुक्काम देवळापासून चालत जाता येईल असाच घ्या. ओल्या अंगाने रिक्षा शोधायची पाळी येऊ नये.

अमावास्या टाळा. तमिळ आडी महिन्यातली (आपल्याकडे जुलै-ऑगस्ट) आणि तै महिन्यातली (जानेवारी-फेब्रुवारी) तर नक्कीच. तर्पणाला अख्खा तमिळनाडू अग्नितीर्थावर उतरतो.

भाषेची काळजी नको. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत हिंदी सर्रास चालते. मराठीही कानावर येते, ते का ते कोणीतरी जाणकार सांगेलच.

---

खडूस_काका

कुंडांबद्दल मी सांगतो, कारण बाकीचे "अहाहा, काय पवित्र अनुभव" म्हणतील.

विहिरीच्या कठड्यावर एक माणूस बादली-दोर घेऊन उभा असतो. खालून रेटारेटी चाललेली. तो बादली ओढतो आणि गर्दीच्या डोक्यावर भिरकावतो. ज्याच्या नशिबात असेल त्याला पाणी, उरलेल्यांना शिंतोडे. असं बावीस वेळा. फरशी कायम ओली, वर साडीतून, धोतरातून गळणारं पाणी. मी तिथे चांगले धडधाकट लोक सपशेल आडवे झालेले पाहिले आहेत.

तिकीट २५ रुपयांचं होतं. पण बाहेरच "स्पेशल करवून देतो, वेगळी बादली, वेगळी पूजा" म्हणत चिकटणारे भेटतात आणि त्यांचा आकडा माणूस बघून ठरतो. आमच्या गटाला एकाने संकल्पाच्या मधोमध थांबवून दक्षिणा वाढवून मागितली. हात ओंजळीत अडकलेले, समोर भटजी, मागे रांग. द्यावीच लागते.

गुडघे दुखणाऱ्या बाईंना यात का घालायचं? पाणी ते पाणी. चार थेंब डोक्यावर घेतले की झालं.

---

पायवाट

@खडूस_काका, फरशीबद्दल शंभर टक्के सहमत. पण रेटारेटी वेळेवर अवलंबून असते. सकाळी लवकर, सुट्टीचा दिवस टाळून गेलात तर बादलीवाला प्रत्येकावर नीट ओततो. "आई, इधर आओ" म्हणून बोलावतो सुद्धा. बाहेर कुणाशी बोलायचंच नाही, थेट खिडकीवर तिकीट काढायचं.

सायंतारा, आईंना सुती सलवार-कमीज घालायला सांगा, ओली साडी पायात अडकते. चालताना एका बाजूला तुम्ही, एका बाजूला जावई. कोरड्या कपड्यांची पिशवी नवऱ्याकडे न देता आलटून पालटून बाहेर थांबणाऱ्याकडे द्या, कारण ओल्या कपड्यांत गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. मोबाईल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवा. आणि मध्येच नको झालं तर सरळ शेवटच्या कोटितीर्थावर जाऊन थांबा, कोणी हिशेब मागत नाही.

---

भूजल

काकांच्या "पाणी ते पाणी" ला माझी व्यावसायिक हरकत. :)

पंधराएक एकरांच्या आवारात बावीस तीर्थं, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी विहिरी गोड. काहींची चव शेजारच्या विहिरीपेक्षा वेगळी लागते हेही खरं आहे, नुसती श्रद्धा नव्हे. रामेश्वर ज्यावर आहे ते पांबन बेट म्हणजे वाळू आणि जुने प्रवाळखडक. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. जमिनीखाली गोड्या पाण्याचं एक भिंगच तयार होतं, मधे जाड आणि कडेला निमुळतं. विहीर त्या भिंगात किती खोल उतरली आहे, भोवती वाळू आहे की चुनखडी, यावर चव ठरते. हे पाणी येतं मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसातून. आपला नैर्ऋत्य मोसमी तिथे फारसा पोचत नाही.

बादली-दोराचं महत्त्व इथे आहे. वरवरचं थोडं थोडं पाणी काढलं तर भिंग टिकतं. मोटर लावून उपसा केलात की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर गेली. काकांना जो गोंधळ वाटतो तो जलव्यवस्थापन म्हणून उत्तम आहे.

याचाच दुसरा नमुना म्हणजे तंगच्चीमडमजवळचं विल्लूंडी तीर्थ. समुद्रातच विहीर, छोट्या पुलावरून चालत जायचं, भोवती लाटा आणि पोहऱ्यात पिण्याजोगं पाणी. रामाने बाण मारून सीतेसाठी काढलं अशी कथा. गर्दी कमी असते, आईंना तिथे नक्की न्या.

---

सायंतारा

बापरे, किती पटापट उत्तरं! बेत फाडला. :) भूजल, बाबा निवृत्त पाटबंधारे खात्यातले आहेत, त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर आता त्यांना देवापेक्षा विहिरीच बघायच्या आहेत.

गंगेचं कोणी सांगेल का?

---

कावेरीकाठ

मी तंजावरचा, घरची भाषा मराठी. लिहायला शिकलो ती पुस्तकातली मराठी, त्यामुळे जरा ताठर वाटेल, सांभाळून घ्या.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. रामनाथस्वामीच्या (म्हणजे रामेश्वराच्याच) गाभाऱ्यात पूजा करणारे पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण आहेत. तमिळनाडूतल्या इतर मोठ्या शिवमंदिरांत आगमपरंपरेचे शिवाचार्य असतात, इथे तसं नाही. यांना शृंगेरी मठाची दीक्षा लागते, ती झाल्याशिवाय पिंडीला हात लावता येत नाही. तेव्हा तुमची गंगा ज्याच्या हातून पिंडीवर जाईल त्याचे पूर्वज तुमच्याच बाजूचे. मात्र आमच्या तंजावरच्या मंडळींशी त्यांचा थेट संबंध लावू नका, ती वेगळी वस्ती.

गंगाभिषेकाची देवळात अधिकृत पावती मिळते. गडू पुजाऱ्यांकडे द्यायचा, ते तुमच्यासमोर अभिषेक करतात. गर्दीत सगळं भरभर होतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पिंप वगैरे काही नाही.

आत दोन लिंगं आहेत हे आईंना आधी सांगून ठेवा. हनुमान कैलासाहून लिंग आणायला गेला, मुहूर्त टळत होता म्हणून सीतेने वाळूचं केलं आणि रामाने त्याची स्थापना केली, ते रामलिंग. उशिरा आलेल्या हनुमानाची समजूत म्हणून त्याने आणलेल्या विश्वलिंगाची पूजा आधी करायची. आजही तोच क्रम आहे. ज्योतिर्लिंग म्हणून नमस्कार करायचा तो वाळूच्या पिंडीला.

आता थोडं आमचं. पूर्वी महाराष्ट्रातून पायी येणारा यात्रेकरू तंजावरवरून रामेश्वराला उतरायचा. त्या वाटेवर भोसले राजांनी छत्रं बांधली, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ साली उभारलं, ते अजून उभं आहे. येईल त्याला जेवण, आजारी पडला तर औषधोपचार, बरा होईपर्यंत राहायला जागा. राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेल्यावरसुद्धा या छत्रांचं उत्पन्न हातचं जाऊ नये म्हणून सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटकडे पत्रं लिहून पाठपुरावा केला होता.

आणि गंमत बघा. बेटाचे राखणदार म्हणजे रामनाथपुरमचे सेतुपती राजे. जगप्रसिद्ध तिसरा प्राकार, बाराशेवर खांबांचा, अठराव्या शतकात मुत्तुरामलिंग सेतुपतींनी पुरा केला. याच सेतुपतींचं तंजावरच्या मराठ्यांशी वैर. रामनाथपुरमच्या राजवाड्यात, रामलिंगविलासात, भिंतींवर मराठ्यांशी झालेल्या लढाईची रंगीत चित्रं आहेत. आमच्या बाजूचे लोक त्यात फार रुबाबात दिसत नाहीत. सीमेवर तलवारी चालत होत्या आणि यात्रेकरूला मात्र एकाच्या छत्रात जेवून दुसऱ्याच्या देवळात पोचता येत होतं. रामनाथपुरम तुमच्या वाटेवरच आहे, तासभर काढा.

---

गोदाकाठची

@कावेरीकाठ, तुमची मराठी ताठर नाही, आमच्या आजोबांची आहे.

आमच्याकडे पैठणच्या बाजूला गंगेची कावड म्हटली की नाथ आठवतात. रामेश्वराला न्यायची कावड, वाटेत वाळवंटात तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ती अख्खी गंगा त्याच्या तोंडात ओतली. बरोबरचे हळहळले, नाथ म्हणाले रामेश्वर इथेच पावला. शाळेच्या पुस्तकात गोष्ट वाचलेली, पण कावड काय ओझ्याची असते ते आमच्या गावच्या कावडी खांद्यावर घेतल्यावर कळलं. प्रयागहून निघून दक्षिण टोकापर्यंत एक माणूस ती न टेकवता नेतोय, आणि अर्ध्या वाटेत ओतून टाकतोय.

पुढे अहिल्याबाईंनी तर दूरदूरच्या देवस्थानांना गंगेच्या कावडी नेमाने पोचवायची व्यवस्था लावून दिली होती. तुमच्या देवघरातला गडू त्या मोठ्या रांगेतला आहे हो सायंतारा. आईंना सांगा.

---

खडूस_काका

वा! म्हणजे नाथांनी स्वतः सांगितलं की तहानलेल्याला पाजलं की रामेश्वर पोचला. मग विमानाचं तिकीट कशाला? गडू उघडा, गॅलरीतल्या तुळशीला घाला. नाथांचा आधार आहे.

---

गोदाकाठची

काका, नाथ निघाले होते. कावड खांद्यावर होती, पायाला फोड होते, तेव्हा गाढव भेटलं. घरच्या गॅलरीतून नाथांचा दाखला देणाऱ्याला गाढव भेटत नाही, आरशात दिसतं. (हलके घ्या, तुम्ही वडीलधारे आहात.)

---

खडूस_काका

हलके घेतलं. वडीलधारा म्हणून केलेला वार जरा जास्तच लागला.

---

रूळांवरून

कोणी रेल्वेचं नाव काढेना म्हणून मला यावं लागलं.

विमानाने मदुराईपर्यंत जा, पण मदुराईहून पुढे टॅक्सी करू नका. आगगाडीने पांबनचा पूल ओलांडणं हा या यात्रेतला अर्धा आनंद आहे. जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झाला. दोन किलोमीटरहून किंचित लांब, आणि मधला शेर्झर गाळा दोन्ही बाजूंनी उचलून जहाजाला वाट द्यायचा. तो उचलायचे माणसं, दोन्हीकडून दांडे फिरवून! खाऱ्या हवेने जीर्ण झाल्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक थांबली आणि दोन वर्षांहून जास्त काळ गाड्या पुलाअलीकडच्या मंडपमलाच संपत होत्या. त्या काळात जाऊन आलेले लोक तुम्हाला "मंडपमला उतरून बस घ्या" सांगतील, ते ऐकू नका. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीला, सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा न दुभंगता आख्खा सरळ वर उचलला जातो, १७ मीटर. विजेवर, काही मिनिटांत.

१९६४ च्या वादळाची गोष्ट पुढे कोणी लिहीलच, पण पुलापुरतं मी सांगतो. २२ डिसेंबरच्या रात्री या पुलाचे गाळे वाहून गेले. दुरुस्तीला सहा महिने मिळाले होते, वरच्यांनी ते तीनवर आणले, आणि एका तरुण इंजिनिअरने समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून, ४६ दिवसांत पूल उभा केला. ते म्हणजे ई. श्रीधरन. पुढे आपली कोकण रेल्वे त्यांनीच केली. रत्नागिरीला जाताना बोगद्यात अंधार झाला की मला पांबन आठवतं, माझं हे असंच आहे.

विमान टाळायचं असेल तर मुंबई-नागरकोइल एक्सप्रेस पुणे-सोलापूर करत मदुराईला नेते. मराठवाडा-विदर्भातल्यांसाठी ओखा-रामेश्वरम आहे, अकोला-नांदेडवरून, थेट रामेश्वरात सोडते. वेळापत्रक मात्र काढताना बघा.

डाव्या-उजव्या खिडकीवरून भांडू नका, दोन्हीकडे समुद्र आहे.

---

मोगरा७

रोमात (नुसती वाचत) होते, आता लिहितेच. मी गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते. प्राकाराबद्दल कोणी नीट सांगितलंच नाही. कुंडं, रांग, पावती यात सगळे इतके गुंतलेले असतात की बाहेरच्या प्राकारातून माना खाली घालून चालतात. संध्याकाळी तिथे नुसतं बसा. एका टोकाला उभं राहिलं की दोन्हीकडच्या खांबांच्या ओळी पुढे पुढे बारीक होत जातात, पूर्व-पश्चिम बाजू जवळजवळ सातशे फूट लांब आहे. सासूबाई म्हणाल्या, "इतकं चाललं की आपोआप प्रदक्षिणा होते, वेगळी कशाला." रंग मात्र भडक मारलेत, माझ्या मते खांबांचा दगड तसाच ठेवायला हवा होता. या बेटावर असा दगड मिळत नाही, तो पाण्यावरून आणलेला. त्याच्यावर पिवळा-हिरवा ऑइलपेंट बघून जीव हळहळतो.

जेवणाची तक्रार करायला जागा नाही. इडली, पोंगल, फिल्टर कॉफी सकाळी. दुपारी पानावर भात-सांबार-रसम. पोळीशिवाय चालत नाही त्यांच्यासाठी गुजराती-मारवाडी पद्धतीची भोजनालयंही देवळाजवळ आहेत.

एक प्रश्न: पंचमुखी हनुमानाजवळ पाण्यावर तरंगणारे दगड दाखवतात, रामसेतूचे म्हणून. आमच्यातल्या एकाने बाहेरून "तसाच" एक विकत घ्यायचा प्रयत्न केला. काय असतं ते?

---

भूजल

पाण्यावर तरंगणारे दोन प्रकार आहेत. एक प्युमिस, ज्वालामुखीचा फेसाळ दगड. दुसरा, काही प्रवाळांचे वाळलेले सांगाडे. त्यांच्या छिद्रांत हवा अडकली की ते तरंगतात, पाणी मुरलं की बुडतात. देवळातला नेमका कोणता हे मी हातात घेतल्याशिवाय सांगणार नाही, आणि तो हातात देत नाहीत.

पण विकत अजिबात घेऊ नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. बाळगणंही गुन्हा. मन्नारच्या आखातातली २१ बेटं १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथल्या प्रवाळांची चुनखडीसाठी इतकी लूट झाली की काही बेटं लाटांनी झिजत गेली.

शंख घेताना जपून. या समुद्रातला पूजेचा शंख प्रसिद्ध आहेच, साधा डावा शंख खुशाल घ्या. "दक्षिणावर्ती, लाखात एक" म्हणून टेबलावर चळतच्या चळत मांडलेली असेल तर लाखाचा हिशेब तुम्हीच करा. अमेरिकेच्या किनाऱ्यावरची एक वेगळीच गोगलगाय जन्मतः उलट्या वळणाची असते, तिचे शिंपले या नावाने खपवतात.

---

पायवाट

धनुष्कोडीचं राहिलं.

देवळापासून वीसेक किलोमीटर. पूर्वी जीपमध्ये कोंबून वाळूतून न्यायचे, २०१७ पासून थेट टोकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत, डांबरी रस्ता आहे. आईंना गाडीतून उतरून फार चालावं लागणार नाही. सकाळी जा. संध्याकाळी पोलीस परत पाठवतात आणि वाऱ्याने वाळू अंगावर टोचते. टोकाशी भारत संपतो आणि पुढे सेतूच्या उथळ वाळूपट्ट्या श्रीलंकेच्या मन्नार बेटापर्यंत जातात.

वाटेत कोदंडरामाचं देऊळ लागतं. बिभीषण रामाला शरण आला ती जागा. सगळं धनुष्कोडी गेलं तेव्हा हे देऊळ राहिलं.

धनुष्कोडी हे एके काळी नुसतं तीर्थ नव्हतं, नांदतं बंदर होतं. मद्रासहून बोट मेल नावाची गाडी इथे यायची, प्रवासी उतरून आगबोटीत चढायचे आणि श्रीलंकेतल्या तलैमन्नारला पोचायचे. पोस्ट, कस्टम, शाळा, चर्च, सगळं होतं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळात पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर स्टेशनच्या अलीकडे लाटेखाली गेली. शंभरहून जास्त माणसं होती, एकही वाचलं नाही. सरकारने गाव राहायला अयोग्य ठरवलं. आज चर्चच्या भिंती आणि स्टेशनचे अवशेष उभे आहेत. भिंती प्रवाळखडकांच्या आहेत, जवळून बघा. कोळ्यांची काही कुटुंबं झोपड्यांतून अजून राहतात, त्यांच्याकडे मासे तळून मिळतात (तीर्थयात्रेत नको असेल तर नाक मुठीत धरा).

एवढंच सांगणं की तिथे रेल्वेच्या अवशेषांवर चढून उड्या मारतानाचे फोटो काढू नका. दरवेळी कोणीतरी काढत असतं.

येताना पेयकरुंबूला कलामांचं स्मारक आणि गावात मशीद रस्त्यावरचं त्यांचं घर. त्यांचे वडील यात्रेकरूंना होडीतून धनुष्कोडीला ने-आण करायचे. मशिदीच्या गल्लीतला नावाडी रामाच्या यात्रेकरूंना नेतोय, हे त्या गावात कुणाला विशेष वाटत नव्हतं.

---

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी वहीत उतरवून घेतलं. नवा बेत: विमानाने मदुराई, मीनाक्षी आधी, मग आगगाडीने रामेश्वर, दोन रात्री, परतताना रामनाथपुरम. ट्रॅव्हलवाल्याला कळवलं तर म्हणाला, "दोन दिवस तिथे करणार काय?" त्याला या धाग्याची लिंक पाठवली आहे.

आईने कुंडांचा निर्णय स्वतः घेतला. म्हणाली, "बावीसच्या बावीस. पडले तर उचला."

एक शेवटची शंका, तीही तिचीच. गंगा रामेश्वराला घातली की यात्रा पुरी ना?

---

कावेरीकाठ

नाही. :) पूर्ण फेरीचा शास्त्रोक्त क्रम आमच्याकडे असा: आधी सेतूची वाळू घ्यायची, तिची वेणीमाधव म्हणून पूजा करायची, ती प्रयागला नेऊन त्रिवेणीत सोडायची, तिथली गंगा घेऊन काशी करायची आणि परत रामेश्वरी येऊन अभिषेक. ज्यांनी काशी आधी केली ते गंगा घालून झाल्यावर इथली वाळू घेऊन जातात आणि पुन्हा कधी प्रयागला जाणं झालं की सोडतात. घरातलं कोणी जाणार असेल तर त्याच्याकडे दिली तरी आमच्याकडे चालवून घेतात. तुमच्या उपाध्यायांना विचारा.

---

खडूस_काका

म्हणजे आता वाळू घेऊन परत प्रयाग! गंगा इकडे, वाळू तिकडे. ज्याने हा नियम केला त्याचा नक्की छत्रांचा धंदा असणार.

---

कावेरीकाठ

काका, छत्रात पैसे घेत नसत.

---

रूळांवरून

काका, रामेश्वरहून वाराणसीला थेट गाडी आहे. बघा विचार करून. वाळूची पुरचुंडी फार जड नसते.

---

खडूस_काका

खालचा बर्थ मिळतो का ते सांगा आधी.